उपवासकाळात विचारायचं नाही

आमच्या घरात उपवासकाळाचा एक नियम होता. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन चर्चमधून घरी आलं की थेट ईस्टरपर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही, की तू यंदा काय सोडलंस. कोणी चहा सोडतो, कोणी मोबाइल, कोणी शेजाऱ्यांची निंदा. ज्याचं त्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. उपवास मिरवायचा नसतो, ही चर्चमधली शिकवण. माझ्या वडिलांनी तिचा कायदा केला आणि मी तो विठ्ठलवाडीच्या चाळीतून चिखलोलीच्या फ्लॅटपर्यंत आणला. जन्मभर गणित शिकवलेला माणूस मी, नियम दिसला की मला बरं वाटतं. त्याच नियमाच्या आड माझी बायको माझ्या डोळ्यांदेखत आजारी पडत गेली.

त्या वर्षी मी नुकताच निवृत्त झालो होतो. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात आम्ही दोघंच. ठरवलं, यंदाचे चाळीस दिवस खरोखर शांततेत घालवायचे. रोज सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचो. समोर अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांच्यामागे डोंगर, आणि वारा फिरला की कारखान्यांकडून येणारा तो कडवट वास. मांडीवर वही असायची. तीत मी स्वतःच्या मनाची झडती घ्यायचो. काल कोणावर चिडलो, कुठे गर्व झाला. पानं भराभर भरत होती. सांगायला लाज वाटते, पण मला ती पानं फार आवडायची.

पहिल्या आठवड्यात बायकोची चपाती सुटली. ताटात घ्यायची, एक तुकडा मोडायची आणि उरलेली खाली गेटवरच्या कुत्रीला नेऊन घालायची. दुसऱ्या आठवड्यात भात गेला. मग पेज, डाळीचं पाणी, मिक्सरमधून काढलेलं काहीबाही. एका वाटीला अर्धा तास लागायचा. प्रत्येक घोटानंतर ती मान खाली घालून थांबायची, मला वाटायचं प्रार्थना करतेय. बोलणंही कमी झालं होतं, आवाज बसल्यासारखा यायचा. ते मी मौन समजलो. उपवास, प्रार्थना, दानधर्म, सगळं एकाच बाईच्या ठायी आणि तेही माझ्या घरात! मला चक्क तिचा हेवा वाटला. तसं वहीत लिहिलंदेखील, आणि देवाकडे क्षमा मागितली.

एकदा दुपारी पाणी प्यायला उठलो, तर ती ओट्याला धरून उभी होती. दोन बोटं गळ्यावर. मला पाहताच तिने हात खाली घेतला. मी विचारणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग नियम आठवला. पाणी पिऊन मी परत बाल्कनीत जाऊन बसलो.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई तिच्याकडे ब्लाउज शिवायला देतात. बौद्ध कुटुंब आहे, नवरा-बायको दोघं नोकरीला. त्या मला एका संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटल्या.

"सर, ताईंना काय झालंय? काल ब्लाउज द्यायला आल्या, बांगडी पार कोपरापर्यंत सरकत होती. डॉक्टरला दाखवलं का?"

"आमचा उपवासकाळ चालू आहे," मी हसून म्हणालो. हसण्यात थोडी ऐटही असणार.

"उपास आम्हीपण करतो ना सर, पौर्णिमेचा. पण असं कोणाचं नाही होत."

आमचा मजला आला आणि बोलणं तिथेच तुटलं. मला त्या बाईंचा राग आला होता. आमच्यातलं ह्यांना काय कळतंय, असं वाटलं. हे मात्र मी वहीत लिहिलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. कम्युनियनच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. प्रसाद घेऊन आम्ही बाकावर आलो, मी गुडघे टेकून डोळे मिटले. उघडले तेव्हा ती तोंडावर रुमाल धरून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला भरून आलं. मग तिच्या गळ्याकडे लक्ष गेलं. गळा वर ओढला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि खांदे थरथरत होते. जिभेवर ठेवला की विरघळणारा प्रसादाचा तो पातळ तुकडा तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

तिला धरून बाहेर आवारात आणलं, पायरीवर बसवलं. घोट घोट पाणी देत बऱ्याच वेळाने तो तुकडा एकदाचा गेला.

"काय होतंय तुला?" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा विचारलं.

"उतरत नाही."

"काय उतरत नाही?"

"काहीच. आता पाणीपण अडकतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. विचारायचं नाही म्हणून गप्प आहात." मग म्हणाली, "आणि मलापण ते बरंच वाटत होतं. कोणी विचारलं नाही की भीती कमी वाटते."

सोमवारी तिला उल्हासनगरला डॉक्टरांकडे नेलं. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासलं. डॉक्टर मुलीच्या वयाचा होता. तपासून झाल्यावर तो आमच्याशी फार हळू बोलायला लागला, तेव्हाच मला काय ते समजलं. घशातून काढलेला तुकडा तपासायला पाठवतो, पण तुम्ही थांबू नका, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये उद्याच जा, असं म्हणत तो चिठ्ठी लिहू लागला.

"कधीपासून आहे हे?"

"राखेच्या बुधवारपासून," मी लगेच उत्तर दिलं. "म्हणजे साडेपाच आठवडे धरा."

"नाही," बायको त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "नाताळपासून."

डॉक्टरने लिहायचं थांबून वर पाहिलं.

"नाताळच्या जेवणात पहिला घास अडकला," ती त्याला सांगत होती. "पाण्याने ढकलला. मग रोजचंच झालं."

त्या जेवणाला मी तिच्या शेजारीच बसलो होतो. आणि नाताळात आमच्याकडे विचारायला कधीच बंदी नव्हती.