विरळ केसांना खळ

केसांबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. आमच्या विणकरांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिली ती परीक्षेतली उत्तरे. वाचकांनी क्षमा करावी. जे झाले तेवढेच सांगतो.

आमच्याकडे डोके कशाने धुवायचे ते सुतावरून ठरे. आईचे केस जाड, राठ. ते सुती, म्हणून शिकेकाई. बहिणीचे मऊ आणि फार विरळ. ते रेशमी. रेशीम आम्ही रिठ्याच्या पाण्यात धूत असू, म्हणून तिलाही रिठाच. रिठ्याने तिचे केस कोरडे पडत, फणीत गळून येत, पण नियम कोणी बदलला नाही. वडील आणि मी कपड्यांच्या साबणाने डोके धूत असू. आम्ही कोणते सूत, हे कोणी पाहिले नव्हते.

बहिणीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्हीकडच्या बायकांनी वेणी सोडून पाहिली होती. आता उमरेडचे लोक तिला पाहायला येणार होते. कॉलेजातली मुले शाम्पूबद्दल बोलत. सीताबर्डीच्या एका दुकानात मी बाटल्या पाहिल्या होत्या, कोरड्या केसांची वेगळी, तेलकट केसांची वेगळी. घरी मी ते भीत भीत सांगितले.

आत्या हसली. "काहून गा, कालेजात आता न्हाणं बी शिकवून राहिले का?"

"कोरड्या केसांचा वेगळा येते, आत्या."

"आन विरळ केसांचा? तो भेटते का तिथं?"

तशी बाटली मी पाहिली नव्हती.

"मंग राहू दे. बारीक सुताले आपण काय करतो? खळ देतो, पाजणी करतो. मंग ते कसं भरीव दिसते! तिलेही देऊ."

बहीण म्हणाली, "द्या."

पाहुणे यायच्या सकाळी तिचे डोके धुऊन झाल्यावर आत्याने तांदळाची पातळ खळ गाळून केसांना चोळली. वाळल्यावर वेणी खरोखरच दुप्पट दिसू लागली. बहिणीने ती हातात धरून पाहिली, जणू ती दुसऱ्या कोणाची असावी.

मुलाची आईही जन्मभर मागावर बसलेली. तिने वेणी सोडली. केस मोकळे झाले नाहीत, पीळ तसाच राहिला. तिने एक बट दोन बोटांत धरून चोळली, सूत पारखतात तशी. बोटांना पांढरी भुकटी लागली.

"पाजणी मस्त झाली वं," ती आईला म्हणाली. "आता मागावर ताणा लावा."

तिच्यासोबतच्या बायका हसल्या. आत्याही हसली, तिला हसू आवरत नसे. बहीण मान खाली घालून बसून राहिली. मुलाच्या आईने बोटे पदराला पुसली, पोहे खाल्ले, पुन्हा चहा मागितला. जाताना "कळवतो" म्हणाली.

ते गेल्यावर मी विहिरीचे पाणी ओढून दिले आणि आईने बहिणीचे केस धुतले. खळ लवकर निघेना. मला त्या वेळी काय वाटले ते आठवून पाहतो, पण काही हाती लागत नाही.

निरोपाची वाट पाहण्यात हिवाळा गेला. माझी परीक्षाही झाली. मग एक दिवस सूत घ्यायला बाजारात आलेल्या उमरेडच्या माणसाला वडिलांनी सहज विचारल्यासारखे विचारले. मुलाचे लग्न खाप्याच्या एका मुलीशी लागून महिना झाला होता.