पत्ते काढले आणि अक्षरं गेली

आमच्या लालबागच्या चाळीत कॉम्प्युटर येणारा माणूस म्हणजे मी, रघुवीर. ऑफिसात दिवसभर बिलं टाईप करतो, एवढीच माझी विद्या. पण चाळीच्या लेखी कॉम्प्युटर, टीव्ही, मिक्सर आणि दाराची कडी हे सगळं एकाच खात्यात मोडतं. त्यामुळे त्या रविवारी सकाळी गॅलरीतून कालिंदीवहिनींची हाक आली, तेव्हा मी आधी उशी डोक्यावर घेतली.

"रघू, लवकर ये रे! अक्षरं गेली माझी!"

उशीखाली पडून राहावं असा तो आवाज नव्हता. मी तसाच उठून गेलो.

वहिनींना मी लहानपणापासून बघतोय. संपाच्या आधी त्या खानावळ चालवायच्या. गावी बायका-मुलं ठेवून आलेले गिरणीवाले त्यांच्या खोलीत पंगतीला बसायचे आणि मासळीच्या वासाने आमच्या जिन्याला पाणी सुटायचं. ब्याऐंशीला संप झाला, जेवणारे कोकणात परतले, ताटं माळ्यावर गेली. त्यांचे यजमान गुणाजीदादा मात्र कुठे गेले नाहीत. आधी ते रोज गिरणीच्या गेटावर जाऊन यायचे, मग नाक्यावर, मग गॅलरीत. पुढे तेही बंद झालं. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही आणि त्यांनी दुसरं काही धरलं नाही.

मग वहिनींनी काय नाही केलं? पापड, शिवण, लोकांची पोरं सांभाळणं. सगळं त्याच खोलीत. कारण दादांचा एकच हेका: आपल्या घरातली बाई बाहेर कामाला जाणार नाही. स्वतः घरी बसलेल्या माणसाचा हा ताठा बघून मला कितीदा तरी वाटलं होतं, दोन शब्द सुनवावेत. पण पडलो शेजारी. शेवटी वहिनी मराठी टायपिंग शिकल्या आणि एक जुना कॉम्प्युटर घरात आला. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, काय वाट्टेल ते त्या टाईप करायच्या. हात मोकळे झाले, पाय होते तिथेच. एकदा मला म्हणाल्या होत्या, "रघू, ह्या चार भिंतींका माझो वास लागलोहा."

आणि आता दार किलकिलं झालं होतं. गिरगावातल्या एका छापखान्याच्या मालकांनी त्यांना एका निवृत्त हेडमास्तरांचं आत्मचरित्र टाईप करायला दिलं होतं. जाडजूड पुस्तक, आणि वहिनींच्या मते त्यात मास्तर एकदाही चुकत नव्हते. सोमवारी पुस्तक पुरं करून आणलंत तर छापखान्यात टेबल तुमचं, असं मालक म्हणाले होते. दादा अर्थातच नाही म्हणाले होते. तरी वहिनींनी मनाशी जायचं ठरवलं होतं. फक्त पुस्तक हातात हवं.

"नेमकं काय झालं?" मी खुर्चीवर बसत विचारलं. खोलीत खुर्ची एकच, कॉम्प्युटरपुढची.

"पत्ते काढले ह्यांचे."

दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भानगड अशी होती. कोणीतरी दिलेल्या सीडीवरून दादांनी पत्त्यांचा खेळ घालून घेतला होता. वहिनी चुलीकडे वळल्या की दादा खुर्चीत. पुस्तकाची घाई, आणि हा माणूस बदामावर इस्पिक चढवतोय. शनिवारी वहिनींचं डोकं सटकलं आणि त्यांनी खेळच काढून टाकायला घेतला. मशीन मध्येच विचारू लागलं, ही फाईल आता कोणी वापरत नाही असं दिसतंय, काढू का? मग दुसरी, मग तिसरी. वहिनी आधीच तापलेल्या. त्यांनी 'सगळ्यांना हो' दाबलं.

त्यातली एखादी फाईल मराठीलाही लागत होती. मराठीचा प्रोग्राम उघडेना. दुसऱ्या प्रोग्राममधून पुस्तक उघडलं तर मास्तरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. फ्लॉपीवरच्या प्रतीतही तेच, कारण मजकूर होता पण तो दाखवणारा प्रोग्रामच आंधळा झाला होता.

मी मशीन बंद करून चालू केलं. मराठीची सीडी घालून सगळं पुन्हा चढवलं. तरीही पडद्यावर पाटी, अमुक फाईल नाही. विकणाऱ्याच्या दुकानाला रविवारचं कुलूप. वहिनी मागे उभ्या राहून एकच म्हणत होत्या, "उद्या जायचंय रे मला. उद्या जायचंय." मला त्यांची भीती वाटायला लागली, आणि वाईटही.

शेवटी साधी गोष्ट सुचली. मोडलं कशाने? काढल्याने. मग काढलेलं परत घालून बघावं.

"खेळाची सीडी कुठाय?"

वहिनींनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून सीडी काढली. दादांनी पहिल्यांदा वर बघितलं. वहिनींनी ती तिथे दडवली होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी सीडी पुसून घातली. खेळ चढला, आणि त्याच्याबरोबर ती गेलेली फाईलही परत आली. मराठी उघडलं, आणि पडद्यावर मास्तर जन्माला आले, शुद्ध देवनागरीत. वहिनी खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

"म्हणजे ह्यांच्या पत्त्यांशिवाय माझं चालणारच नाही?" जरा वेळाने त्यांनी विचारलं. 

"तसं नाही हो. खेळ आता परत काढा. फक्त फाईलींचं विचारलं की 'नाही' म्हणायचं. मराठीला धक्का लागणार नाही."

मी उठलो. वहिनी खुर्चीत बसल्या, माऊस धरला. मशीनने विचारलं, खेळ काढायचा नक्की?

"काढू नको," दादा म्हणाले.

"कित्याक?" वहिनींनी वळून विचारलं. "इतक्या वर्सांत एक गोष्ट मागतास, ती पत्ते?"

दादांनी गॅलरीकडे बोट केलं. "मी हय बसलंय काय, गॅलरीतसून जाणाऱ्यांका पाठ दिसता. लोकांका वाटता, गुणाजी कायतरी काम करता. कोण विचारीत नाय."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि त्या जाता-येता बघणाऱ्यांत मीही होतोच. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी 'नको' दाबलं आणि खेळ तसाच राहू दिला.

"बसा मगे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मऊपणाही नव्हता. "पण एका खुर्चीत दोघा कशी बसतली? सोमवारपासून मी गिरगावात जातलंय. खुर्ची तुमची."

दादांनी तोंड उघडलं. नाही म्हणावं तर खुर्ची जाते, हो म्हणावं तर बायको बाहेर जाते. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं, आणि वहिनी मास्तरांची शेवटची पानं टाईप करायला लागल्या.

सोमवारी त्या पुस्तक घेऊन गेल्या आणि टेबल मिळालं. त्याच आठवड्यात एकदा मी ऑफिसला निघालो तर त्यांचं दार सताड उघडं होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, पाठ गॅलरीकडे. पडद्यावर पत्ते मांडलेले.

"काय गुणाजीदादा?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"काम चालू आसा," मान न वळवता ते म्हणाले.

"चालू द्या," मी म्हटलं, आणि दार हळूच ओढून घ्यायला गेलो.

"रवांदे," मला थांबवत ते म्हणाले. "उघडाच रवांदे."