शनिवारचा उपास

वहिनींनी माझा स्टीलचा डबा पेपर नॅपकिनने धरला होता. उघड्या हाताने नाही. डबा उलटा करून त्या कचऱ्याच्या पिंपावर आपटत होत्या. साबुदाण्याची खिचडी बुडाला चिकटली होती, सुटता सुटत नव्हती. वॉशिंग्टनमधल्या एका म्युझियमचा कॅफेटेरिया. जानेवारीतला शनिवार. मी हात धुऊन परत येत होते, ते बघून खांबामागेच थबकले.

"त्यांच्या हातचं आपल्याला नाही चालत. तू सांगून टाक ना तिला एकदाचं," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"हळू बोल यार. सॉफ्टवेअरचं रिलीज होईपर्यंत मला ती टीममध्ये हवीय."

नवरा म्हणजे श्रीरंग, आमचा प्रोजेक्ट लीड, पुण्याचा. त्याच्यासमोर पिझ्झा होता. टीममधली दोन मराठी पोरंही पिझ्झाच खात होती. त्यांनी मान वर केली नाही.

आणि या सगळ्यांचा म्हणे त्या दिवशी उपास होता!

मी नागपूरची. नोकरी न्यू जर्सीत, राहायला पिस्कॅटवे. दोन हजार चारच्या त्या हिवाळ्यात कंपनीने मला वॉशिंग्टनजवळच्या क्लायंटकडे पाठवलं होतं, काही महिन्यांसाठी. गाडी नाही, ओळखपाळख नाही. श्रीरंग म्हणाला, "शनिवारी आमच्याबरोबर चल, राजधानी बघू." मला कोण आनंद! पहाटे उठून मी सगळ्यांपुरत्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली.

व्हॅनमध्ये वहिनींनी विचारलं, "नागपूरला कुठे गं?" त्यांचं माहेरही नागपूरचंच.

"इंदोरा."

मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. आमच्या गावात तेवढं पुरतं. मोहल्ला कळला की जात कळते. आमच्या घरात देव्हारा नाही, निळ्या कोटातला फोटो आहे, हे त्यांना न सांगता दिसलं असणार.

दुपारी मी पुऱ्या काढल्या. "अय्या, आज शनिवार ना! आमचा सगळ्यांचा उपास," वहिनी म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. एवढी शिकलेली मी, मला ते खरं वाटलं! पुऱ्या एकटीने व्हॅनमध्ये बसून खाल्ल्या, आणि वर मलाच ओशाळं वाटलं, की उपासाच्या माणसांपुढे आपण जेवण मांडलं.

म्हणून पुढच्या शनिवारी खिचडी. आमच्या घरात उपास नाहीत, आईने ते केव्हाच सोडले. मला खिचडी येतही नव्हती. बस बदलत इंडियन दुकान गाठलं, साबुदाणा आणला. पहिल्यांदा गोळा झाला. टाकला, पुन्हा भिजवला, पुन्हा केली. त्यांच्या उपासासाठी.

ती आता पिंपात होती.

मी पुढे झाले, वहिनींच्या हातातून डबा घेतला. "अगं, चुकून सांडली," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. कोट चढवला आणि निघाले. मेट्रोत रडू आलं. अपमानाचा राग होताच, रडू आल्याचा आणखी राग आला.

त्यानंतरचे शनिवार एकटीचे. रिकामा डबा घरी ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून भाकरी-ठेचा घेऊन जायची. वारा असा की कान आहेत की नाहीत कळू नये. गुलामगिरी मोडणाऱ्या अध्यक्षाच्या स्मारकासमोरचं लांबलचक तळं गोठलेलं. त्या स्मारकाखाली, पायऱ्यांवर बसून मी गार भाकरी खाल्ली. एकटीने शहर बघण्यात मजा नव्हती, खोटं कशाला सांगू? काही चांगलं दिसलं की मान आपोआप बाजूला वळायची. बाजूला कोणी नसायचं. लोक कॅमेरा माझ्या हातात देऊन आपल्या कुटुंबाचे फोटो काढून घ्यायचे.

फेब्रुवारीत एका म्युझियममध्ये एक जेवणाचं काउंटर बघितलं. नुसतं काउंटर आणि समोर स्टुलं. दक्षिणेतल्या एका दुकानातलं. तिथे काळ्या माणसाला बसून खाता येत नसे. चार काळी कॉलेजातली पोरं आली आणि त्या स्टुलांवर बसली. कॉफी मागितली. मिळाली नाही. तरी उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणखी पोरं घेऊन.

मी त्या स्टुलांकडे बघत उभी राहिले आणि अंगाची आग झाली. ती बसून राहिली होती. मी उठून गेले होते. मी गेले आणि त्या लोकांनी पिझ्झा सुखाने संपवला असणार. माझ्या गप्प राहण्याने त्यांची सोयच झाली होती.

मार्चमध्ये श्रीरंगचे आईवडील पुण्याहून आले. तो माझ्या क्यूबिकलपाशी आला, हसत.

"तू तर आता वॉशिंग्टनची गाइडच झालीयस! शनिवारी आईबाबांना फिरवून आण ना. मला कॉल आहे. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्यांवर जरा हात धर तिचा. आणि हो, तुझी इथली मुदत वाढवायची, ते एक्स्टेन्शन माझ्याच हातात आहे हं."

'शनिवारी माझा उपास असतो', हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. खोट्या सबबी त्यांच्या, मला त्या नकोत. उभी राहिले आणि ती दोन पोरं ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाले:

"आधी आईंना माझी जात सांगा. वहिनींनी माझी खिचडी कचऱ्यात टाकली, तेही सांगा. मग विचारा, माझा हात धरून पायऱ्या चढतील का."

"काहीतरीच काय! आम्ही जातबित मानत नाही."

"मी खांबामागे उभी होते."

त्याचा चेहरा पडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ही अमेरिका आहे. इथे असलं काही आणू नकोस."

"मी नाही आणलं. तुम्ही आणलंत. व्हॅनमध्ये बसवून आणलंत."

त्या दुपारी मी लंचरूममध्ये गेले. जानेवारीपासून मी माझ्या डेस्कवरच जेवत होते. मराठी मंडळींच्या टेबलापाशी मधली खुर्ची ओढली आणि बसले. तोच स्टीलचा डबा. झाकण काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. एक पोरगा ताट उचलून गेला. दुसरा बसून राहिला, पण डब्याला हात लावला नाही. मी पोटभर जेवले.

एक्स्टेन्शन आलं नाही. पिस्कॅटवेला परत, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना. नाही तर नाही.

तेव्हापासून कुठलंही शहर असो, कुठलंही ऑफिस असो, मी आधी मोहल्ला सांगते, मग आडनाव, आणि मग डबा मधोमध उघडते. ज्याला चालत नसेल त्याने उठावं. मी उठणार नाही.