नौकासनबंदी

तमाम बोईसरकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या दोन खोल्यांच्या घरात सलग तीन वर्षे नौकासनास सक्त मनाई होती. बाकी सगळं खुलं होतं. ताडासन करा, भुजंगासन करा, शवासनात घोरलात तरी हरकत नव्हती. पण पाठीवर पडून पाय आणि छाती एकदम उचलायची, अंगाची होडी करायची, हे चालत नव्हतं. हा हुकूम माझ्या मावशीचा होता, आणि तिचा हुकूम मोडायची आमच्या खानदानात कुणाची छाती नव्हती.

होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, त्याला आमच्याकडे तांडेल म्हणतात. मावशीला मी तांडेल म्हणायचो, अर्थात तिच्या पाठीमागे. ती समुद्रकाठच्या दांडी गावची. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा दिनेश गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला, बोट समुद्रातली हद्द ओलांडून पलीकडे भरकटली आणि पलीकडच्यांनी सगळ्यांना धरून तुरुंगात टाकलं. दांडीत तिच्या ओट्यावरून जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय कळलं का गो?" मायेनंच विचारायचा, पण दिवसातून वीस वेळा. शेवटी एका सकाळी ती पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"पोरा, तुज्या बिल्डिंगीत कोण कोणाला काय विचारत नाय, खरं ना?"

"शेजारी मेला तरी विचारत नाहीत, मावशी."

"मंग मी हितंच रहाते."

पोरा म्हणजे मी. वय पन्नास, पोट त्याहून वयस्कर. आमच्या कारखान्यातलं एक युनिट बंद झालं होतं, उरलेल्यांवर दुप्पट पाळ्या पडत होत्या, आणि पुढचा नंबर कुणाचा या विचारानं मी घरी येऊन कपाटाशीसुद्धा भांडत होतो. माझी बायको सुनंदा या सगळ्याला कंटाळून मोबाइल समोर ठेवून रोज सकाळी हॉलमध्ये योगासनं करायला लागली होती. मावशीचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर श्वासाचे व्यायाम सांगितले, आणि सुनंदाला शिष्या मिळाली. आठवड्याभरात ती शिष्या गुरू झाली आणि मलाही कॉलरला धरून बसवण्यात आलं. अशी तीन दमलेली माणसं, सकाळच्या भोंग्याच्या आधी, मांडीला मांडी लावून.

चटई मावशीला पसंत नव्हती. तिनं दांडीहून निळी ताडपत्री आणली, जिच्यावर उभा जन्म जवळा सुकवला होता. त्यामुळे आमचा हॉल प्राणायामासाठी फारसा योग्य राहिला नाही. दीर्घ श्वास घेतला की सुकट थेट मेंदूत जायची. सुनंदानं नाकाला पदर लावला, तर तांडेल म्हणाली, "वासाला काय घाबरते? वास गेला की समजायचं घर बंद पडलं."

श्वास रोखून धरायला ती तयार नसे. मोबाइलमधली बाई गोड आवाजात सांगायची, थांबा, रोखा. मावशी सरळ सोडून द्यायची. "धरून ठेवलेलं नासतं, मग ती मासळी असो नायतर हवा." मी कारखान्यातलं काही मनात धरून बसलो की आजही मला हे वाक्य ऐकू येतं, जवळ्याच्या वासासकट.

नौकासनाचा दिवस आला तेव्हा सुनंदानं पाय उचलले आणि मावशीनं धावत येऊन ते खालून धरले. बाळाला पाळण्यात ठेवावं तसे अलगद जमिनीवर ठेवले. "घरचा माणूस पाण्यावर असला की घरात होडी करायची नाय. तू आता धाडकन पडली असती. मंग?" त्याच नियमानं भांडीही उलटलेल्या होडीसारखी पालथी घालायची नाहीत. सुनंदा घासलेली पातेली पालथी घालायची, मावशी एकेक सुलटी करायची. पाणी तळाशी साचून राहायचं.

"मावशी, अहो, निथळत नाही असं."

"दिनेश येउंदे. मंग निथळव."

एकदा मला खाज सुटली. पाळी करून आलो होतो, डोकं जड होतं, जीभ हलकी होती. म्हणालो, "मावशी, दिनेश पाण्यावर आहेच कुठे? तो जमिनीवर आहे. चांगल्या चार भिंतींत."

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच शवासनात गेलो असतो. मावशी मात्र चिडली नाही. ताडपत्रीची घडी घालत म्हणाली, "घरी येईस्तोवर तो पाण्यावरच."

मधे एकदा सुटकेची यादी आली. गावातली दोन नावं होती, दिनेशचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी ताडपत्रीवर बसली. मग म्हणाली, "आज नुसता सोडायचा. घ्यायला जमत नाय." त्या दिवशी आम्ही तिघांनी तेवढंच केलं.

दुसऱ्या यादीत नाव आलं. दिनेश आला, पण जो गेला होता तो काही आला नाही. हा भिंतीला पाठ लावून बसायचा, ताट पुढे आलं की जेवायचा आणि प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणायचा. मावशीनं त्याला गर्दी नको म्हणून चार दिवस आमच्याकडेच ठेवलं. मी माझे सगळे हुकमी किस्से सांगून पाहिले. हं. सुनंदानं बोंबलाचं कालवण केलं. हं. डॉक्टर म्हणाले वेळ द्या. आपला मुलगा परत येण्याची मावशी आता माझ्या हॉलमध्येच वाट पाहत होती.

पाचव्या दिवशी ते दांडीला निघणार होते. सकाळी मावशीनं नेहमीसारखी ताडपत्री अंथरली. आधी मात्र ती स्वयंपाकघरात गेली. रॅकवरची पातेली तिनं एकेक करून पालथी घातली. तीन वर्षांनी तळातलं पाणी ओट्यावरून वाहिलं. मग हॉलमध्ये येऊन पाठीवर पडली, लुगडं पायाशी घट्ट खोचलं आणि पासष्ट वर्षांचे दोन्ही पाय, खांदे, डोकं, सगळं एकदम उचललं.

होडी झाली. वाकडी, थरथरती, पण होडीच. ताडपत्री कुरकुरत होती. सुनंदा पाय धरायला पुढे झाली, तर मावशीनं डोळ्यांनीच तिला थांबवलं. चेहरा लाल झाला, हनुवटी कापायला लागली. उतरायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं, की उतरायचंच नव्हतं, देव जाणे. मी मोजायला सुरुवात केली आणि मधेच विसरलो.

भिंतीपाशी बसलेला दिनेश पुढे सरकला. आईच्या पायांकडे बघत राहिला आणि एकदम, चांगल्या खणखणीत खलाशी आवाजात ओरडला, "आये, टाक पाय खाली, बंदर कदीच आलं!"