मायला ‘आहे’ शिकवलं त्याची गोष्ट

आमी निघालो त्या दिवशी नेकनूरच्या स्टँडवर आमच्याहून मोठं बॅनर लागलतं. वर पुढारी हात जोडून उभे आणि खाली कोपऱ्यात आमी आठ बाया, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. सत्कार म्हणून त्यांनी एकेकीच्या अंगावर शाल टाकली, मशीनची, नायलॉनची. माझ्या मायनं ती बोटात धरून चोळून बघितली आणि माइक चालू असतानाच म्हणली, “सायेब, आमी लोकर कातून दावायला चाललो, आन हे कावून पांघरवता?” स्टँडभर जो हशा पिकला! पुढारीबी हसले. न हसून जातात कुठं?

पोरींनो, औंदा तुमच्यातल्या सहाजणी तशाच निघाल्यात असं कळलं, म्हणून हे लिहिते. ज्या आधीच गाव सोडून गेल्यात, पुण्याला म्हणा, दुबईला म्हणा, त्यांनीबी वाचावं. आणि हाय-न्हाई करत लिहिते ते शुद्ध येत न्हाई म्हणून न्हाई. बारावीला मराठीत वर्गात पहिली आलते मी. मुद्दाम लिहिते.

तर झालं असं. लिंबागणेशच्या अलीकडं आमची वस्ती, दारात मेंढरं. माय लेकरपणापासून चरख्यावर लोकर कातती आणि कातताना गाणी म्हणती. पुण्याच्या एका संस्थेला ते कळलं. स्कॉटलंडात डोंगरातल्या एका गावी मेंढपाळ लोक राहतात, त्यांनी आमच्याकडच्या आठ बाया बोलवल्या. त्यांनी त्यांचं दाखवायचं, आमी आमचं. पंधरा दिवस. मी, माय आणि वस्त्यांवरच्या आणखी सहाजणी. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणले, “जा की, मेंढरं मी बघतो.” चुलता मात्र पारावर सगळ्यांसमोर बोलला, “पोरीला धाडा खुशाल. पण एकदा का तिकडचं वारं लागलं की ती आपली राहायची न्हाई.” मला लई राग आला. राग यायचं कारण सांगू? मलाबी आतून तीच धास्ती होती.

पासपोर्टची तऱ्हा तर इचारू नका. आमच्यातल्या शाळेत गेलेल्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख लावलेली. ज्या शाळेत गेल्या न्हाईत त्या सगळ्या आधार कार्डावर एक जानेवारीच्या. व्हिसाच्या खिडकीवरचा माणूस कागद खालीवर करून कटाळला. म्हणला, “तुम्ही सगळ्या दोनच दिवसांत कशा जन्मलात?” माय म्हणली, “कळपानं.”

मंग पुण्यात तीन आठवड्यांचं शिबिर. शिकवायला एक मॅडम होत्या. बाई वाईट न्हवत्या, मी उगं नाव ठेवणार न्हाई. माझ्या पायाला फोड आला तर स्वतःची चप्पल काढून दिलती त्यांनी. काटाचमचा कसा धरायचा, लिफ्टचं कोणतं बटन दाबायचं, गरम पाण्याचा नळ कोणता, सगळं त्यांनीच शिकवलं. पण तिथल्या स्टेजवर प्रत्येकीनं आधी मराठीत आपली ओळख सांगायची होती, दुभाषी पुढं इंग्रजी करणार होता, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. “हाय नाही, आहे. लई नाही, खूप. आमी नाही, आम्ही.” रोज सकाळी एक तास हेच. शिवाय सगळ्यांना नथ आणि हिरवी नऊवारी. आमच्यात जन्मात कुणी नथ घातली न्हवती. आमच्यातल्या सरूकाकूला तर नथीनं शिंका यायच्या.

बाकीच्या शिकल्या कशाबशा. मायच्या जिभेला ते वळेना. दहाव्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मनीषा, आईंना यावेळी नको. त्यांच्या जागी इथली एक मुलगी घेऊ. ती वर्कशॉपमध्ये कातणं शिकलीय, व्हिसाही आहे, बोलते छान.”

माय दाराआडच होती. तिनं ऐकलं. चिडली न्हाई, रडली न्हाई. येऊन चरख्यापुढं बसली आणि म्हणली, “बाई, मी म्हणते नीट. बघा हां.” आणि पहिलीतल्या लेकरासारखं एकेक अक्षर सुटं करून बोलली, “मी... लोकर... कातीत आहे.” तेवढं बोलताना चरखा थांबला. ताप असो, घरात मयत असो, मायचा हात चालताना असा थांबलेला मी कधी बघितला न्हवता. ज्या बाईनं पुढाऱ्याच्या शालीतलं नायलॉन माइकवर काढलं तीच बाई इथं चोरासारखी बोलत होती, आणि माझ्यापायी बोलत होती, ती न्हाई तर मीबी जाणार न्हाई हे तिला ठाऊक होतं, माझं जाणं हुकू नये म्हणून.

मंग मला राहवलं न्हाई. म्हणलं, “मॅडम, त्या लोकांना मराठीच येत न्हाई. त्यांना हाय काय आन आहे काय?”

“प्रश्न आपल्या प्रतिमेचा आहे, मनीषा.”

“प्रतिमा तुमची. लोकर आमची हाय. बोली नको असंल तर लोकरबी घेऊन जातो. माय न्हाई तर मी बी न्हाई.”

मी पिशवी भरायला घेतली. माय म्हणत होती, “मने, गप बस. बाईचं बी काम हाय ते.” मी गप बसले न्हाई. मागं वळून बघते तर सरूकाकूनं नथ काढून टेबलावर ठेवलती आणि बोचकं बांधायला घेतलतं. मंग बाकीच्या पाचजणींनी. मॅडम खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणल्या, “ठेवा ती बोचकी. बोला कशाही.”

तिकडं विमानतळावर घ्यायला एक उंच, लालबुंद म्हातारा आलता. हात वर करून म्हणला, “हाय!” त्याच्यामागची बाई म्हणली, “हाय!” मायनं आमच्यासंगं आलेल्या मॅडमकडं वळून बघितलं. “बाई, हेबी हायच म्हणत्यात की वो!” मॅडम हसून हसून सुटकेसवर बसल्या. पंधरा दिवस अख्खा मुलूख आमाला हाय म्हणत होता आणि माय दरवेळी उत्तर देत होती, “हाय बाबा, बरी हाय.”

स्टेजवर माय आपल्या रोजच्या लुगड्यात गेली आणि म्हणली, “मी हिची माय हाय. मेंढरं हायत, लोकर हाय. आजून काय सांगू, बघा.” आणि कातायला बसली.

त्या सफरीतनंच माझं पुढचं ठरलं. दोन वर्षांनी तिथल्या कॉलेजात लोकरीचा कोर्स केला, मंग मिलमध्ये नोकरी लागली. आता माझी शिफ्ट हाय, हीटरवाली खोली हाय, बसचा पास हाय. ज्वारीचं पीठ दोन बस बदलून आणते आणि भाकरी केली की स्मोक अलार्म बोंबलतो. माणसं भली हायत. माझ्याकडनं चूक झाली तरी तेच सॉरी म्हणतात.

मागच्या वर्षी गावाकडं गेले. चुलतीनं लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची आणली, फडक्यानं पुसली. “बसा ताई. प्रवास चांगला झाला ना? आपण चहा घेणार आहात ना?” सगळी घोंगडीवर, मी एकटी खुर्चीवर. आहात! माझ्याच अंगणात मला आहात! चुलता खाली मान घालून तंबाखू मळत होता. त्याचंच खरं झालं का काय, असं वाटलं. मी बोलले, “काकू, कावून सोयऱ्यावानी बोलतीस? मी मनी हाय.” ती नुसती हसली, ओशाळून.

तेवढ्यात वाड्यातनं, म्हणजे मेंढरं कोंडतो तिथनं, मायची हाक आली. “मने! आल्यापासून बूड टेकूनच हायस का? हिकडं ये. ही पहिलटकरीण कोकराला जवळ घेईना, धर हिला.”

चांगल्या कपड्यांनिशी पळाले. लेंड्यांत गुडघे टेकून मेंढी धरली. कोकरू लुचायला लागलं तशी ती उसळली. चुलता कुडावरनं वाकून बघत होता, त्याला राहवलं न्हाई. “अगं ए भवाने, मान धर की! तंगडी काय धरतीस? इसरलीस व्हय सगळं?”

“न्हाई इसरले!” मी एवढ्या जोरात वरडले की मेंढी हिसडा देऊन निसटली, कोकरू उताणं पडलं, आणि माय, चुलता, इतका वेळ आपण-आपण करणारी चुलती, सगळी मिळून माझ्यावर तुटून पडली. काय न्हाई ते बोलली. खुर्ची तशीच अंगणात पडून होती, त्यावर कोंबडी चढली. मी लेंड्यांत बसून शिव्या खात होते आणि हसत होते, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर.

तर जा पोरींनो, बिनघोर जा. तिकडं कुणी तुमाला घर कुठं इचारलं तर पत्ता तुमी सांगालच. मला इचारलं की मी म्हणते, जिथं मेंढी निसटली तर मला कुणी सॉरी म्हणत न्हाई, तिथं.