पांढऱ्या कपाळावरचा मळवट

घरात पीओपीच्या छताचं काम चाललंय. ओल्या प्लास्टरचा गार वास आला की मी अंगणात जाऊन बसतो. बायको विचारते, तर वासानं डोकं दुखतं म्हणतो.

तुळजापूरला आमच्या चित्रकलेच्या वर्गात प्रबोधनकाळातल्या एका इटालियन पुतळ्याचं डोकं होतं, प्लास्टरची नक्कल. कुरळे केस, सरळ नाक. छायाप्रकाश शिकायला तो पांढराशुभ्रच हवा, म्हणून सर त्याला बोट लावू देत नसत. खंडेनवमीला आम्ही ब्रश आणि बोर्ड पुजले. सगळे प्रसादाला गेल्यावर मी गंमत म्हणून ओलं कुंकू त्या पुतळ्याच्या कपाळभर फासलं. लगेच पुसायला गेलो, तर प्लास्टरनं ते पिऊन टाकलेलं.

सुट्टीनंतर सरांनी थेट महादूकडं पाहिलं. त्याचे वडील भवानीचे आराधी, देवीची गाणी म्हणत जोगवा मागायचे. महादू रोज मळवट भरूनच वर्गात यायचा.

“देव केलास व्हय रे याचा?”

“म्या न्हाय, सर. भवानीची आन.”

“आता हात बी जोड की, महाद्या!” मीच मागून ओरडलो. सगळा वर्ग हसला.

महादूनं ओल्या फडक्यानं पुतळ्याचं कपाळ घासलं. कुंकू फिकं झालं, पण भुवया झिजून गेल्या. मी खरं बोललो असतो, तर सरांनी फार तर वर्गाबाहेर काढलं असतं. तेव्हा मात्र वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी महादू कोऱ्या कपाळानं आला. वर्ष संपेपर्यंत तसाच येत राहिला.