वरच्या कातळावरचा माणूस

त्या दिवशी वरच्या कातळाच्या पहाऱ्यावरून मेव्हण्याला मी हटवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती त्याची सख्खी मोठी बहीण.

खाणी बंद पडल्या तेव्हा मी डिचोलीच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचो. ट्रक दारात उभा राहून गंजला. मग घाटाच्या पायथ्याशी पर्यटकांना रानात फिरवणाऱ्या एका मालकाकडे गाईड म्हणून लागलो. मेव्हणा पार्से गावचा. काजूचा हंगाम संपला की तो रिकामाच असायचा, म्हणून त्यालाही मीच ओढून आणलं.

आमच्या फेरीत धबधब्याकडे जाताना एक व्हाळ ओलांडावा लागतो. एरवी गुडघाभर पाणी, मधोमध एक रुंद खडक. त्या खडकावर बसून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. इथे ऊन असतं, तेव्हाच वर घाटात पाऊस कोसळत असतो आणि खाली बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आमची पद्धत अशी होती की, एका गाईडने लोकांबरोबर पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्याने वळणाच्या वर, उंच कातळावर बसायचं. बसून फक्त पाणी बघायचं. पाणी मातकट झालं, पाचोळा नि फेस वाढला, की शिटी. शिटी झाली की हातातलं टाकून सगळ्यांनी काठावर यायचं. लाइफ जॅकेटं होती, दोर होता, पण खरी भिस्त त्या कातळावरच्या माणसावर. तिथे नेहमी मेव्हणा बसायचा. त्याची नजर चांगली आणि बडबड कमी.

दुसरी एक पद्धत होती, ती मालकाने शिकवलेली नव्हती. जीप थांबते तिथून थोडं आत राखणदाराचा दगड आहे. रानात शिरण्याआधी त्याच्यापुढे पोदेराकडचा एक उंडा पाव, दोन विड्या आणि जराशी फेणी ठेवायची. पर्यटक त्याचेही फोटो काढायचे. मी त्यांना म्हणायचो, "हा आमचा विमा." ते हसायचे, मीही हसायचो. मनातून मात्र मी कधी हसलो नाही. माझ्या आजाने ठेवलं, बापाने ठेवलं. न ठेवता रानात शिरायचं माझ्या अंगातच नव्हतं.

चतुर्थी होऊन गेली होती. मंडळी पुण्याची, उशिरा आलेली, भुकेलेली, जरा चिडलेली. गडबडीत मी त्यांना दगडावरून तसाच पुढे घेऊन गेलो. उंडा आणि फेणीची चपटी बाटली जीपमध्येच राहिली. मंडळी खडकावर जाऊन बसली, मी काठावर दोर बांधत होतो, तेव्हा मेव्हणा कातळाकडे निघता निघता म्हणाला,

"भावजी, आज राखणदार उपाशी."

तो थट्टेत म्हणाला. त्याला या गोष्टींचं फारसं काही नव्हतं. मी मात्र दोराची गाठ मारता मारता थांबलो.

"तू जा, जीपमधून घेऊन ठेवून ये," मी म्हटलं.

"आणि थय कातळार कोण बसतलो?"

"मी बघतो. आभाळ बघ कसं कोरडं आहे."

"तुमी पाण्यात रवतलास. पाण्यातलो माणूस पाणी कसो बघतलो?"

"जा म्हणतो ना. वाद नको घालू."

 तो जीपकडे गेला.

मी खडकावर गेलो. फोटो काढून दिले. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना रानातल्या झाडांची नावं हवी होती. हे काय, ते काय, विचारत होत्या. मी किंदळ दाखवत असताना पाण्याचा आवाज बदलला. बघतो तर पाणी चहासारखं झालेलं आणि माझ्या पायाशी पाचोळ्याची रास. काठ हाकेवर होता. पण त्या तेवढ्या पाण्यातून एक माणूसही उभ्याने जाऊ शकला नसता. मागे बघितलं, तिकडेही तेच.

मी सगळ्यांना खडकाच्या उंच टोकाला दाटीवाटीने उभं केलं. एकमेकांचे हात धरायला लावले. शिक्षिकाबाई मागे सरकताना घसरल्या आणि त्यांचा पाय खडकाच्या फटीत अडकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या ओरडल्या नाहीत, माझा दंड मात्र असा धरला की नखं रुतली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. पुढे करण्यासारखं काही नव्हतं. दोराचं एक टोक काठावरच्या झाडाला होतं आणि बाकीचं वेटोळं तिथेच, झाडाच्या मुळाशी. मी ते खडकापर्यंत ओढून आणलंच नव्हतं, माझं चित्त राखणदाराकडे होतं.

"शिटी वाजणार होती ना?" कुणीतरी विचारलं.

"हात सोडू नका," मी म्हटलं.

मेव्हणा धावत आला. दगडापाशी तो थांबलाच नव्हता. चपटी घेऊन येताना वाटेतच त्याने पाण्याचा आवाज ऐकला आणि तसाच व्हाळाकडे सुटला. दोर कमरेला बांधून तो वरच्या अंगाने पाण्यात शिरला, वाहत वाहत खडकाला आपटला आणि वर चढला. शर्टाच्या खिशातली चपटी तेव्हाच फुटली. त्या दोराला धरून त्याने एकेकाला काठाला नेलं. शिक्षिकाबाईंना पाठीवर घेतलं. सगळी माणसं वाचली.

काठावर आल्यावर त्याच्या अंगाला फेणीचा वास येत होता. खिशातून काचा पडत होत्या. मंडळींपैकी एक गृहस्थ म्हणाले, "हा प्यायला गेला होता. म्हणून शिटी वाजली नाही."

संध्याकाळी मालकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "हा कुठे गेला होता?"

पुण्याच्या माणसांना काय सांगणार होतो? तुमच्या जिवाच्या पहाऱ्यावरचा माणूस मी दगडाला पाव ठेवायला पाठवला? लाज वाटली. आणि ट्रक गंजल्यानंतरचे दिवस आठवले. मी म्हटलं, "मला सांगून गेला नव्हता."

मेव्हणा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं.  मालकाने त्याला काढून टाकलं. परत जाताना जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "माका काय, मी एकलो. तुमचा घर चलाक होया."

मला वाटलं, विषय मिटला. पण गोष्ट पार्सेला पोचली, तिथून आमच्या घरी. बायकोने विचारलं, "खरं काय?" मी पानावरून मान वर केली नाही. माझं गप्प राहणं तिने तिच्या पद्धतीने समजून घेतलं. तिला वाटलं, नवरा भावाला सांभाळून घेतोय.

पुढच्या चतुर्थीला तो आला होता. खतखत्याची वाटी पुढे ठेवताना ती त्याच्यावर वाकली आणि क्षणभर तशीच थांबली. वास घेत होती. त्याने ते ओळखलं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तो. जेवला, पान उचललं, "येतंय" म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांकडे बघायला लागलो, जणू ती सुटून पडणार होती. त्यानंतर तो आलेला नाही. भाऊबीजेला ती निरांजन लावते आणि विझवते, ओवाळायला कुणी नसतं. "पिणाऱ्याला काय ओवाळू?" असं ती एकदा म्हणाली.

माझं बरं चाललंय. इतकं की आता नव्या गाईडांना सुरक्षिततेचे धडे द्यायला मालक मलाच उभं करतो. सुरुवात तो स्वतः करतो: "वरच्या कातळावरून एक जण दारू प्यायला उठला होता, माणसं मरायची राहिली." मग माझ्याकडे हात करतो, "हे तिथे होते." मी पुढे होऊन सांगतो की, काहीही झालं तरी कातळ सोडायचा नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. हे शेवटचं वाक्य मी दर वेळी जोर देऊन म्हणतो. त्यापुढे जायला तोंड उघडत नाही. त्या खडकावर आम्ही थोडाच वेळ अडकलो होतो, पण मी अजून तिथेच उभा आहे, आणि दोर घेऊन येणारा माणूस मीच घालवलेला.

राखणदारापुढे अजून उंडा ठेवतो. त्याची भीती गेलीय. सवय राहिलीय.

पुन्हा चतुर्थी जवळ आलीय. बायको माळ्यावरून माटोळीची चौकट काढायला सांगतेय.

मेव्हण्याचं मी एक वाक्य देणं लागतो: तो प्यायला गेला नव्हता, त्याला मी पाठवलं होतं. ते आधी त्याच्या बहिणीला सांगायचं आहे, मग मालकाला, मग त्या नव्या गाईडांना. अजून एकालाही सांगितलेलं नाही.